हद्दवाढीला हरकत घेणारे विकासाचे वैरी नाहीत

सोलापूरच्या हद्दवाढीचा विषय निघाला, की एक मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. गाव महापालिकेत गेलं की पाणी, ड्रेनेज, रस्ते आणि सिटी बस मिळते. निधी वाढतो. घरपट्टी वाढते ही अफवा आहे. पुण्याजवळची गावं आत गेली आणि त्यांचं सोनं झालं, कोल्हापूरची हद्द वाढली नाही म्हणून ते मागे पडलं. आणि विरोध करणाऱ्यांना फक्त स्वतःची सरपंचकी वाचवायची आहे. खाली ‘विकास हवा असेल तर पुढे पाठवा’ अशी ओळ असते. मुळेगाव, कोंडी, पाकणी, होटगी, कुंभारी अशा वेशीवरच्या गावांतली माणसं हे वाचतात आणि बऱ्याचदा गप्प बसतात. आपल्याला कुणी विकासविरोधी म्हणू नये असंच प्रत्येकाला वाटतं. मी स्वतः आधीच शहरात आलेल्या हद्दवाढ भागात राहतो, म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. एकेक मुद्दा घेतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा पाणी-ड्रेनेजचा. हे होईल की नाही याचा अंदाज बांधायची सोलापूरकरांना गरजच नाही, कारण आपल्याकडे एक हद्दवाढ होऊन गेलेली आहे. १९९२ साली बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी, दहिटणे अशी गावं शहरात आली आणि शहराचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. एका फटक्यात पाचपटीहून जास्त. आज तीन दशकं उलटून गेल्यावरही या भागाला शहरात काय म्हणतात? ‘हद्दवाढ भाग’. रिक्षावाला म्हणतो, अधिकारी म्हणतात, निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही तेच छापलं जातं. जो भाग शहरात खरोखर मिसळला असता, त्याची अशी वेगळी ओळख कधीच पुसली गेली असती. ती टिकली, कारण शहराच्या जुन्या गावठाण भागाला आणि पेठांना जे मिळालं ते इथे फार उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांत पोहोचलं. गुंठेवारीच्या वसाहती आधी उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, आणि ड्रेनेजची लाईन त्यांच्या मागून वर्षानुवर्षांनी येत राहिली. मधल्या काळात सेप्टिक टँक, उघडी गटारं आणि पावसाळ्यातला चिखल.

पाण्याचं गणित आणखी स्पष्ट आहे. शहराचं पाणी तीन ठिकाणांहून येतं: शंभर किलोमीटरहून लांब असलेलं उजनी धरण, भीमा नदीवरची टाकळी योजना आणि हिप्परग्याचा तलाव. एवढं असूनही सोलापूरकर वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढत आला आहे. घराघरात पिंप, सिंटेक्सच्या टाक्या आणि रात्री-बेरात्री सुटणाऱ्या पाण्यासाठी जागणाऱ्या बायका, हे चित्र जुन्या शहरातलंही आहे. उजनीच्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं काम किती वर्षं रखडलं ते सगळ्यांनी पाहिलं. आणि मोठी जलवाहिनी आली तरी टाकी आणि गल्लीतली वितरणाची लाईन नसेल तर नळाला पाणी येत नाही. मग जी महापालिका आत असलेल्यांना रोज पाणी देऊ शकत नाही, ती नव्याने येणाऱ्या गावांना कुठून देणार, हा प्रश्न विकासविरोधी कसा? पाकणीच्या माणसाने तर तो हक्काने विचारावा. उजनीच्या पाण्याचं शुद्धीकरण केंद्र त्याच्याच गावात आहे.

सिटी बसबद्दल फार लिहीत नाही. केंद्राच्या योजनेतून आलेल्या बसच्या चेसीला तडे गेले, त्या गाड्या उभ्याच राहिल्या आणि परिवहन सेवा आकसत गेली, हे शहरात कुणालाही विचारा.

आता ‘निधी वाढतो’ हा मुद्दा. हा पूर्ण खोटा नाही. शहरांसाठीच्या योजना महापालिकेला मिळतात आणि त्यांच्या रकमा मोठ्या असतात. पण महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न कुठून येतं? जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तोही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार जे अनुदान देतं, ते जुन्या उत्पन्नाचा आधार धरून दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढतं. हद्द वाढली म्हणून ते त्या प्रमाणात आपोआप वाढत नाही. म्हणजे नव्या गावातून महापालिकेच्या तिजोरीत मुख्यतः येणार ती घरपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे पैसे, आणि खर्च मात्र रस्ते, दिवाबत्ती, कचरा, पाणी अशा सगळ्याचा.

दुसऱ्या बाजूला गाव काय गमावतं, याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत होता. गाव शहरात गेलं की ग्रामीण निधीचा तो रस्ता बंद. रोजगार हमीचं काम बंद, कारण ती योजनाच ग्रामीण भागासाठी आहे. घरकुलाची ग्रामीण यादी बाद, शहरी योजनेत पुन्हा पहिल्यापासून अर्ज. ज्याच्याकडे चार खोल्यांचा बंगला आणि हायवेलगत प्लॉट आहे त्याला याने फरक पडत नाही. ज्या बाईचं नाव घरकुलाच्या यादीत वर सरकत सरकत आलं होतं, तिला पडतो. हद्दवाढीच्या बैठकीत बोलायला उठतात ते बहुतेक प्लॉटवाले. यादीतल्या बाईचं म्हणणं कोण मांडणार?

‘घरपट्टी वाढते ही अफवा’. याला उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात १२९-अ हे कलम आहे. शहरात नव्याने आलेल्या गावाला सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या दराने कर लावायचा आणि मग टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरापर्यंत न्यायचा, अशी त्यात तरतूद आहे. कर वाढणारच नसता तर टप्पे कशाला लागले असते? पण याच कलमाच्या आधाराने आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगायला हवं, की दुसऱ्या दिवशी दहापट बिल येईल हेही खरं नाही. तसंच ‘सातबारा बंद होतो, शेती आपोआप बिगरशेती होते’ असं काही जण सांगतात, तेही चुकीचं आहे. हद्दीत आल्यावरही सातबारा राहतो, शेती करता येते. आपली बाजू भक्कम असताना खोट्याच्या कुबड्या घेऊ नयेत. एक खोटं सापडलं की समोरचा आपल्या दहा खऱ्या मुद्द्यांना झटकून टाकतो.

पुण्याचं उदाहरण मजकुरात फार अभिमानाने दिलेलं असतं. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं घेतली. पण पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. २०१७ च्या त्या ११ गावांमध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या उशाशी पडला, ती हीच गावं. कराचा बोजा आणि न मिळालेल्या सुविधा यांवरून तिथे इतका असंतोष झाला, की सरकारला ती दोन गावं महापालिकेतून बाहेर काढावी लागली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं तर आत-बाहेर करून थकली. १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा वगळली आणि तो निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. या काळात त्या गावांत एखादा रस्ता नेमका कुणाच्या वहीत होता? सांगली, मिरज, कुपवाड या तिघांची मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली, आणि कुपवाडच्या भुयारी गटाराचा प्रश्न त्यानंतर दोन दशकं उलटली तरी निवडणुकीत गाजत होता.

कोल्हापूरचं म्हणाल, तर तिथला पेच मी नाकारत नाही. हद्द न वाढल्याने शहराची कोंडी झाली आहे, हे तिथल्या शहरवासीयांचं म्हणणं खरं आहे. गावांच्या विरोधानंतर २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण केलं, त्यानेही समाधान कुणाचंच झालं नाही. पण त्यातून हद्दवाढ चांगली असते एवढंच सिद्ध होतं का? मला तर त्यातून दिसतं ते असं, की गावकऱ्यांचा विश्वास न मिळवता काहीही केलं तरी ते अडकतं.

‘सरपंचकी वाचवायची आहे’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. साडेचार हजारांहून मोठ्या आणि सहा हजारांपर्यंतच्या गावात ग्रामपंचायतीचे १३ सदस्य असतात, शिवाय सरपंच. हे सगळे गावातच राहणारे. दिवा बंद असला तर सदस्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. ग्रामसभेत उभं राहून हिशेब मागायचा हक्क कायद्याने आहे. आता महापालिकेचं बघू. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ आणि नगरसेवक १०२. म्हणजे सव्वानऊ हजारांहून जास्त माणसांमागे एक. तेही एकट्याचा वॉर्ड नाही, बहुतेक ठिकाणी चार-चार जणांचा मिळून प्रभाग, त्यात सरासरी छत्तीस हजारांवर लोक. पाच हजारांच्या गावाच्या मतांवर एक नगरसेवकही निवडून येत नाही. चौघांपैकी कोण आपला, हेच आधी शोधायचं. आणि २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं?

स्वतःच्या निवडलेल्या संस्थेची किंमत सोलापूरने इतर कुणाकडून शिकायची गरज नाही. १९३० साली इंग्रजांचं राज्य असताना इथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा लावला होता. निवडून दिलेली माणसं लोकांच्या जवळची होती म्हणून ते झालं. त्याच शहराच्या वेशीवरचं गाव ‘आमची पंचायत आम्हाला हवी’ म्हणालं, तर त्याला सत्तेची हाव म्हणायचं?

मग हद्द कधीच वाढू नये का? असं मी म्हणत नाही. कुंभारीकडे बघा. विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत दिल्या गेल्या. तिथे राहणाऱ्या बाया-माणसांचं पोट शहरावर आहे. एवढी वस्ती ग्रामपंचायतीच्या ताकदीवर चालवणं अवघड आहे. तिथे महापालिका हवी, की स्वतंत्र नगरपरिषद, हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्यावर पहिलं मत त्या घरांत राहणाऱ्यांचं घ्यायला हवं. मुळेगाव, कोंडी किंवा होटगीची गरज तीच असेल असं नाही. सगळ्यांना एकाच अधिसूचनेत बांधायचा हट्ट कशासाठी?

ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही, हे खरं. पण हद्द बदलणारी अधिसूचना आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावी लागते आणि त्यावर हरकती घ्याव्या लागतात. तशी वेळ आली तर ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीचे हजार अर्ज देऊ नका. असे अर्ज एका शेऱ्यात निकाली निघतात. लिहा, की आमच्या गावासाठी पाण्याची टाकी कुठे बांधणार आणि तिला उजनीचं की टाकळीचं पाणी देणार. ड्रेनेजची लाईन कुठल्या प्रक्रिया केंद्राला जोडणार आणि त्याची क्षमता शिल्लक आहे का. घरपट्टी कोणत्या वर्षी किती होणार, याचा तक्ता. घरकुलाच्या यादीतल्या नावांचं काय होणार. पंचायतीचे सफाई कामगार आणि पाणी सोडणारा माणूस महापालिकेच्या सेवेत जाणार की घरी. पहिली निवडणूक होईपर्यंत गावाचं ऐकणारा अधिकारी कोण आणि तो आठवड्यातून किती दिवस गावात बसणार. प्रत्येक प्रश्नाचं लेखी उत्तर आणि त्यासमोर तारीख मागा. अर्जाची पोच घ्या. सुनावणीला पंधरा-वीस जण तरी जा, आणि त्यांत घरकुलाच्या यादीतल्या बाया असू द्या.