मलाण्याला जाताना हात कुठे ठेवावेत

हिमाचलातल्या कसोलला कॅफेत बसून झालं, खीरगंगेच्या गरम कुंडात पाय बुडवून झाले, तरी सहलीचा एक दिवस उरतोच. तो मलाण्याला द्यावा. कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या खोऱ्यातून आत वळल्यावर साडेआठ हजार फुटांच्या वर वसलेलं हे गाव शेकडो वर्षं तुमची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येण्याचीच वाट बघत होतं, असं समजून निर्धास्त निघा. वीज प्रकल्पासाठी रस्ता झाल्यापासून गाडी बरीच जवळ जाते, शेवटची खडी चढण तेवढी पायी. 2024 च्या जुलैअखेरच्या ढगफुटीत त्याच प्रकल्पाचा बंधारा फुटला, रस्ता वाहून गेला आणि गाव तुटलं. अशा वेळी एजंटला फोन करून पहिला प्रश्न रिफंडचा विचारावा. गावात किराणा कसा पोचतोय वगैरे नंतर, रेंज मिळाली तर.

इथला मालक जमलू देवता. जमलू म्हणजे जमदग्नी ऋषी, असं लोक सांगतात. हे ऐकताच मराठी माणसाचा ऊर भरून येणारच. रेणुकामाता आमच्या माहूरची, परशुराम आमच्या चिपळूणचा, म्हणजे हे तर घरचंच! एवढी सलगी पुरे समजून देवळाकडे सरसावा. बायकोचं मुंडकं पोटच्या पोराकडून उडवून घेणारा हा ऋषी बाकी कशात सवलत देईल असं का वाटावं, हा प्रश्न बरोबरच्या आजींनाच पडेल. त्यांना गाडीत बसवून ठेवा.

देवळाच्या आवारात पाट्या आहेत: हात लावू नका, लावल्यास हजारांत दंड. पाटीचा फोटो आधी काढा, वाचा नंतर. बाहेरच्या माणसाचा स्पर्श देवळाला, घराच्या भिंतींना आणि गावकऱ्यांना चालत नाही. म्हणून भिंतीला टेकून पोज देण्याचा मोह तुम्हाला इथेच होईल, एरवी कुठल्या भिंतीकडे तुम्ही ढुंकून बघत नाही. दुकानात गेलात तरी तेच. फळीपासून लांब उभं राहून बिस्किटाचा पुडा मागायचा, नोट खाली दगडावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. दुकानदार ती उचलतो आणि पुडा, सुट्टे पैसे त्याच दगडावर ठेवतो. तुम्ही वाकून उचलता. मोजायला लाज वाटते, पण मोजताच. पैशाला विटाळ कसा होत नाही, असं ग्रुपमधला कोणीतरी पुटपुटेल. त्याला गप्प करू नका, दिवसभरात तेवढाच एक विचार झालेला असतो.

आता डोळे बघा, आलात त्याचसाठी. ही माणसं सिकंदराच्या सैनिकांचे वंशज आहेत असं गाइड सांगेल, यूट्यूब सांगेल, शेजारच्या टेंटमधला मुलगाही सांगेल. पुरावा मागून रंगाचा बेरंग करू नका. गावची कणाशी भाषा ग्रीकशी नव्हे तर किन्नौरीशी नातं सांगते, तिबेटकडच्या भाषाकुळातली आहे, खाली कुल्लूत बोलतात तिच्याशी तिचा मेळ नाही. हे खरं नवल. पण ते रीलमध्ये दिसत नाही, घारे डोळे दिसतात. तेवढेच बघायचे होते तर गुहागरची एसटी स्वस्त पडली असती, हे आता बोलून उपयोग नाही.

गाव बघून तुमचा हिरमोड होईल. लाकूड आणि दगडाचे थर रचलेली कोरीव घरं तुम्ही गुगलवर पाहिलेली असतात, समोर येतात पत्रे, सिमेंट आणि डिश. 2008 च्या जानेवारीत आग लागली आणि निम्मंअधिक गाव जळालं, त्यानंतरची ही बांधकामं. लोकांनी पुन्हा लाकडात राहायची जोखीम घ्यायला हवी होती, असं ठणकावून सांगा. तुमचा फ्लॅट आरसीसीचा आहे, ही गोष्ट वेगळी.

इथली पंचायत मात्र जरूर समजून घ्या, म्हणजे समजल्यासारखं करा. ज्येष्ठांग आणि कनिष्ठांग अशी दोन सभागृहं. खालच्यात प्रत्येक घरचा एक माणूस, वरच्यात निवडलेले काही आणि देवाच्या बाजूने कायमचे तीन. तंटा मिटलाच नाही तर शेवटचा शब्द जमलूचा. ‘जगातली सगळ्यात जुनी लोकशाही’ असं कॅप्शन टाकून मोकळे व्हा. ते टाकणाऱ्याने स्वतःच्या सोसायटीची एजीएम शेवटची कधी गाठली, हे कोण विचारतंय?

आणि ‘ते’. त्यासाठी आलात हे घरी सांगितलेलं नाही, मीही सांगत नाही. मलाण्याचा माल, म्हणजे भांगेच्या झाडाचा चरस, जगभर नावाजलेला आहे, गावातल्या कितीकांना त्याने पैसा दिला आणि कितीकांना तुरुंग. याच झाडाच्या वाखाची पादत्राणं इथे विणली जातात, ती कुणी मागत नाही. चरस किलोहून जास्त सापडला तर कायद्याने किमान 10 वर्षं. शंभर ग्रॅमच्या आत असला तरी वर्षभराची तयारी ठेवावी. तुम्हाला पोलिसांनी अडवलं तर काका मंत्रालयात आहेत. गावकऱ्याचे काका गावातच असतात.

रात्री राहायचा हट्ट करा. 2017 मध्ये देवतेच्या आदेशाने गावातली गेस्ट हाउसं बंद झाली, हे कळल्यावर ‘अतिथी देवो भव’ची आठवण त्यांना करून द्या. देवानेच नाही म्हटलंय, हे उत्तर ऐकूनही वाद चालू ठेवा.

घरी परतल्यावर हा किस्सा भरपूर चालेल. “आपल्याला शिवत नाहीत रे ते, आपल्याला!” त्या दुसऱ्या ‘आपल्याला’वर जोर द्या. ऐकणारे हादरतील. एवढ्यात कामवाल्या मावशी चहा घेतील, ओट्याखालच्या त्यांच्या कपातून. तो कप वेगळा का, असं कुणी विचारणार नाही. विचारलंच तर त्याचा कान तुटला होता म्हणून वेगळा काढलाय, असं सांगता येतं.

पुढच्या वर्षी लडाखला दाह-हनूकडे जा. सिंधूकाठच्या त्या गावांना आता ‘आर्यन व्हॅली’ म्हणतात, माणसं डोक्यावर फुलं माळतात, फोटो झकास येतात. तिथेही सिकंदराचे सैनिक मागे राहिले म्हणे. बियासपर्यंत येऊन सैन्याने पुढे जायला नकार दिला असं शाळेत शिकवलं होतं. एवढे जण डोंगरात उतरून राहिले असतील तर पुढे जायला उरलं होतं तरी कोण! आत्ताच बुकिंग करा, आणि तिथे हात लावू देतात का, हे एजंटकडून आधीच लेखी घ्या.