इवो जिमाचा हिशोब

"सरळ बेरीज-वजाबाकी करा ना," बापू म्हणाले. "चोवीस हजार वैमानिक वाचले आणि सात हजारांच्या आत माणसं गेली. बेट घेतलं ते बरोबरच केलं."

विषय दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या लढाईचा होता. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १,२०० किलोमीटरवर, प्रशांत महासागरातलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीचं बेट. तेव्हा ते जपानच्या ताब्यात होतं. १९ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, तिथे उतरले आणि लढाई २६ मार्चपर्यंत चालली. अमेरिकेचे जवळपास ६,८०० जण मेले, १९,००० वर जखमी झाले. जपानचे साधारण २१,००० सैनिक होते. लढाई संपली तेव्हा त्यांतले अवघे २१६ जिवंत हाती लागले होते.

सुभेदारांना बापूंचं हे बोलणं रुचलं नाही. आयुष्य पलटणीत गेलेला माणूस. "हिशोब मागून करा, आधी तो किनारा डोळ्यांपुढे आणा," ते म्हणाले. किनाऱ्यावर वाळू नव्हती, काळी ज्वालामुखीची राख होती. जोंधळ्याच्या राशीवर चढायला जावं तसा पाय आत जायचा आणि माणूस मागे घसरायचा. समोर राखेचेच पुरुषभर उंचीहून मोठे बांध. गाड्यांची चाकं रुतलेली. खंदक खणावा तर कडा ढासळून खड्डा पुन्हा भरायचा. आणि सुरुवातीला गोळीबार फारसा नाहीच! माणसं आणि सामान किनाऱ्यावर दाटू दिलं आणि मग सगळीकडून तोफा-मशीनगनचा भडिमार सुरू झाला.

ही सगळी आखणी बेटावरचे जपानी सेनापती, जनरल तादामिची कुरिबायाशी यांची. ते तरुणपणी अमेरिकेत राहिलेले, त्या देशाची ताकद ओळखून असलेले. पाण्याच्या कडेला लढून आणि 'बान्झाय' ही जपानी युद्धघोषणा ओरडत शत्रूवर धावून काही साधत नाही, हे त्यांनी आधीच्या बेटांवरून ताडलं होतं. म्हणून सैन्य जमिनीखाली नेलं, १५ किलोमीटरहून जास्त भुयारं खणली. आत गंधकाची वाफ आणि अंग भाजणारी उष्णता. बेटावर गोड्या पाण्याचा झराही नाही, पावसाचं साठवलेलं पाणी प्यायचं. मरण्याआधी प्रत्येकाने शत्रूचे दहा तरी मारावेत, अशी शपथ दिलेली. जिंकता येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, शत्रूला किंमत किती मोजायला लावायची एवढंच त्यांच्या हाती होतं. सुभेदार हे सांगताना गंभीर झाले होते, आणि मला वाटतं त्या लढाईचं मर्म त्यांनी बरोबर पकडलं.

नानांनी मध्येच बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर उभारलेल्या अमेरिकन झेंड्याच्या फोटोचा विषय काढला. छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांचा तो फोटो २३ फेब्रुवारीचा, म्हणजे पाचव्या दिवसाचा. पुढे महिनाभर लढाई होती आणि झेंडा उभारणाऱ्या सहांपैकी तिघे त्याच बेटावर पडले. पण नानांचा रोख बापूंच्या आकड्यावर होता. "चोवीस हजार आले कुठून?"

हे मला माहीत होतं. बी-२९, म्हणजे जपानवर बॉम्ब टाकणारी अमेरिकेची मोठी विमानं, या बेटावर २,२५१ वेळा उतरली. एका विमानात ११ माणसं. मोबाइलवर गुणाकार करून दाखवला: २४,७६१. झाला आकडा तयार! म्हणजे उतरलेलं प्रत्येक विमान एरवी समुद्रातच बुडालं असतं असं धरायचं. प्रत्यक्षात त्यांतली कितीतरी इंधन भरायला, किरकोळ तपासणीला नाहीतर सरावाला उतरली होती, आणि तीच विमानं, तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली गेली.

शिवाय बेट घ्यायचं ठरलं ते ऑक्टोबर १९४४ मध्ये, आणि मुख्य कारण होतं या बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला, संरक्षणासाठी, लढाऊ विमानं पाठवायची सोय. लढाई चालू असतानाच, ९ मार्चच्या रात्री, टोकियोवर कमी उंचीवरून आगीचे बॉम्ब टाकले गेले. रात्रीच्या हल्ल्यांना तशी सोबत लागत नव्हती. मूळ कारणच ढिलं पडलं.

"ते मार्चमध्ये कळलं," सुभेदार म्हणाले. "ऑक्टोबरात कुणाला कळणार? याच बेटावरून जपानी विमानं मारियाना बेटांवरच्या अमेरिकन तळांवर चालून येत होती, इथलं रडार टोकियोला आधी खबर देत होतं. मी असतो तर मीही घ्या म्हटलं असतं."

मलाही हे पटतं. निर्णय तेव्हाच्या माहितीवर तोलायला हवा. पण त्याच न्यायाने मागाहून जुळवलेला गुणाकार कारण म्हणून पुढे करता येत नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर द्यायचं तर खरं द्यावं.

नाना म्हणाले, "आणि बेटावरचे लोक?" १९४४ मध्ये हजारभर रहिवाशांना तिथून हलवलं. काही पुरुषांना लष्करी कामाला ठेवून घेतलं, त्यांतले बहुतेक मेले. १९६८ ला अमेरिकेने बेट जपानला परत दिलं, पण आज तिथे लष्करी तळ आहे आणि रहिवाशांना राहायला जाऊ दिलेलं नाही. हजारो जपानी सैनिकांचे अवशेष अजून त्या जमिनीत आहेत.

बापू हट्ट सोडेनात. "बरं, रुपयातले चार आणे तरी खरे धरा!"

धरले. ६,१९० होतात. तेही ६,८०० च्या खालीच, आणि त्यात एकही जपानी माणूस मोजलेला नाही.