जे स्वतःहून हजर झाले

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सहाव्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि अमेरिकेतील मुस्लिमांना सन्मानाने वागवले गेले पाहिजे, असे त्यांनी तेथे उभे राहून सांगितले. त्या वेळी तसे बोलण्याला धैर्य लागत होते. म्हणूनच त्यांच्याच सरकारने वर्षभरात सुरू केलेल्या ‘स्पेशल रजिस्ट्रेशन’ची आठवण मला अधिक अस्वस्थ करते.

अटर्नी जनरल (म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख) जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी २००२ मध्ये आणलेल्या या योजनेत २५ देशांची यादी होती. उत्तर कोरियाचा ठळक अपवाद सोडला, तर ते जवळजवळ सारे मुस्लिमबहुल देश होते. त्या देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या सोळा वर्षांवरील मुलांनी आणि पुरुषांनी ठरलेल्या मुदतीत इमिग्रेशन कार्यालयात जायचे, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे, शपथेवर प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि देश सोडताना नेमून दिलेल्या ठिकाणावरूनच बाहेर पडायचे, असा नियम होता. डिसेंबर २००२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात अशा प्रकारे हजर झालेल्या शेकडो जणांना, ज्यांत इराणी मोठ्या संख्येने होते, व्हिसातील त्रुटींवरून तिथल्या तिथे ताब्यात घेतले गेले. त्यांतील अनेकांचे ग्रीन कार्डाचे अर्ज सरकारदरबारीच पडून होते.

देशात राहणाऱ्या सुमारे ८३ हजार जणांनी नोंदणी केली आणि तेरा हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. या नोंदणीतून दहशतवादाच्या गुन्ह्यात एकही ज्ञात शिक्षा झाली नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे म्हणून काही जण या धोरणाचे समर्थन करतात. पण येथे सुके हाती लागलेच नाही. ज्याच्या मनात घातपात आहे तो सरकारी कार्यालयात ठसे द्यायला जात नाही, जातो तो कायद्यावर विश्वास असलेला माणूस, आणि नेमका तोच या जाळ्यात सापडला. ब्रुकलिनच्या कोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यूवरील पाकिस्तानी वस्तीतून अनेक कुटुंबे कॅनडाच्या सीमेकडे निघून गेली.

भारत त्या यादीत नव्हता, त्यामुळे अमेरिकेतील आपल्या बहुतेक मराठी घरांना या योजनेची झळ लागली नाही. मात्र एच-वन-बी व्हिसा आणि ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षांची रांग ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना कागदपत्रांतील एखादी त्रुटी किती सहज राहून जाते हे सांगायला नको. तीच त्रुटी एकाच्या बाबतीत वकिलाकडून दुरुस्त करून घेण्याची बाब ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत घरदार गुंडाळण्याचे कारण, केवळ तो कोठे जन्मला यावरून, तर कायद्यासमोर सर्व समान हे तत्त्व त्या क्षणी मोडलेले असते. सुरक्षेसाठी पाळत ठेवावी लागते, चौकशीही करावी लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. ती माणसाच्या कृत्यावरून व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.

ही योजना २०११ मध्ये थांबवली गेली आणि तिचे नियम डिसेंबर २०१६ मध्ये रद्द झाले. पुढच्याच महिन्यात सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली. तिची सुधारित आवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली, आणि त्याच निकालपत्रात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांच्या स्थानबद्धतेला मान्यता देणारा १९४४ चा निकाल चुकीचा होता, असेही म्हटले. त्या स्थानबद्धांपैकी हयात असलेल्यांची अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले. स्वतःहून हजर होऊन केवळ व्हिसाच्या त्रुटीपायी हद्दपार झालेल्यांचे खटले पुन्हा उघडावेत आणि त्यांना परत येण्यासाठी अर्ज करण्याची मुभा द्यावी, ही मागणी आज इतक्या वर्षांनंतरही मला रास्त वाटते.