बहमनी म्हणजे ‘ब्राह्मणी’ नव्हे

दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याकडे हसन हा शेतगडी होता. नांगराचा फाळ साखळीत अडकला, खाली मोहरांचा हंडा निघाला आणि हसनने तो इमानाने धन्याला दिला. गंगूने कुंडली पाहून राजयोग सांगितला. पुढे हसन दख्खनचा सुलतान झाला आणि उपकार स्मरून त्याने घराण्याला ‘ब्राह्मणी’ म्हणजे बहमनी नाव दिले. हा मजकूर ‘दडवलेला इतिहास’ म्हणून सतत पुढे पाठवला जातो. गोष्ट गोड आहे, पण तिच्या भरवशावर इतिहास सांगता येत नाही.

आधी नावाचे पाहू. हसनने तख्तावर बसताना अलाउद्दीन बहमन शाह हा किताब घेतला. त्याच्या नाण्यांवर हेच नाव आहे. बहमन हा इराणी पुराणकथांतला राजा, इस्फंदियारचा मुलगा, आणि हसन स्वतःला त्याचा वंशज म्हणवत असे. ती वंशावळ दरबारी खुशामतीची असेलही. मला ती खरी वाटत नाही. पण नाव आले ते तिथूनच. हसनच्या नावाला चिकटलेला ‘गंगू’ हा शब्दसुद्धा त्याच्या बापाच्या ‘कैकाऊस’ या नावाचा अपभ्रंश असावा, असे काही अभ्यासक मानतात.

मग हंड्याची गोष्ट आली कुठून? ती फरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथातली आहे. त्याने विजापुरात बसून ती लिहिली तेव्हा हसनला जाऊन अडीचशे वर्षे होत आली होती. याउलट इसामी हा कवी हसनच्याच आश्रयाला होता आणि त्याचे काव्य १३५० मध्ये पुरे झाले. त्याला हसनची थोरवीच गायची होती. धन्याला हंडा परत देणाऱ्या इमानी नोकराची कथा त्याच्या कानावर असती, तर त्याने ती सोडली असती का? त्याच्याकडे ती नाही.

मला सर्वांत खुपते ते वेगळेच. या कथेत राज्य कुंडलीतून मिळते आणि १३४७ सालची सगळी धामधूम पुसली जाते. दिल्लीचा सुलतान मुहंमद तुघलक याचा दख्खनमधल्या ‘शंभरांचे अमीर’ म्हणवणाऱ्या सरदारांवर, म्हणजे अमीर-ए-सदांवर, संशय होता. माळव्यात धारला अशा ऐंशीहून अधिक अमिरांची कत्तल झाली होती. त्यामुळे दौलताबादच्या अमिरांना गुजरातेत बोलावणे आले, तेव्हा ते वाटेतूनच उलटले. त्यांनी दौलताबाद घेतले आणि इस्माईल मुख या वयस्क सरदाराला सुलतान केले. म्हणजे पहिली निवड हसनची नव्हतीच! तुघलकाने किल्ल्याला वेढा घातला, पण गुजरातेत तगी नावाच्या बंडखोराने उठाव केल्याने त्याला निघून जावे लागले. हसनने बीदरजवळ शाही सेनापती इमादुल्मुल्क सरतेज याला लढाईत मारले. मगच इस्माईलने गादी सोडली आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन तख्तावर बसला. पुढे त्याने राजधानी गुलबर्ग्याला नेली आणि राज्याचे गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड व बीदर असे चार तरफ, म्हणजे प्रांत, पाडले. १३५८ मध्ये तो वारला.

राहिला गंगूला खजिन्याचा कारभार दिल्याचा दावा. तोही फरिश्त्याचाच. दख्खनमध्ये वसुलीचे दप्तर ब्राह्मणांच्या हाती असते, हे तो स्वतःच्या काळात पाहत होता आणि ही प्रथा गंगूपासून पडली असे त्याने लिहून ठेवले. मला वाटते, डोळ्यांसमोरच्या रिवाजाला मूळपुरुष हवा होता, आणि तो या कथेने पुरवला.