आपल्या भागातला लेखक, आपल्या गावच्या पुस्तकाच्या दुकानात

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

अकोल्यातलं आमचं नेहमीचं पुस्तकाचं दुकान. पुस्तकाचं म्हणजे खरं तर वह्या, गाईडं, कंपासपेट्या आणि चार्टपेपरचं. जून-जुलैत तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि बाकीचं वर्ष स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर निघतं. कथा-कादंबऱ्या आहेत, पण पार मागच्या भिंतीला, सगळ्यात वरच्या फळीवर. काढायच्या तर स्टूल लागतं. दहा वर्षं मी त्या स्टुलावर चढते आहे. तिथे सगळीकडे खपणारी तीच तीस-चाळीस पुस्तकं असतात. अकोल्याच्या, शेजारच्या बुलढाण्या-वाशिमच्या लेखकाचं पुस्तक मिळालं तर नशीब.

गेल्या हिवाळ्यात मी दुकानाच्या काकांच्या मागेच लागले. म्हटलं, काका, इथे एक लेखक बोलवू या. आपल्याच भागातला. तो त्याच्या पुस्तकातलं वाचेल, लोक ऐकतील, ज्याला घ्यायचं तो पुस्तक घेईल, लेखक सही करून देईल.

काका म्हणाले, "इथं कोण येते ऐकाले? अन् आले, त गिऱ्हाइकानं उभं कुठं राहाव?"

प्रश्न रास्त होता. दुकान बारा बाय तीसचं. पण रविवारी संध्याकाळी काका शटर अर्धं ओढून हिशेबच करत बसतात, हे मला माहीत होतं. म्हटलं, तेवढे दोन तास मला द्या.

लेखक म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. राहणार बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका खेड्यात. मी त्यांना भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणते. तीस वर्षं खेड्यापाड्यांच्या गाड्यांवर काढली आणि निवृत्तीनंतर कथा लिहायला बसले. संग्रह निघाला, पाचशे प्रतींचा. त्यातल्या शंभर त्यांना स्वतःला घ्याव्या लागल्या आणि त्यातल्या निम्म्या 'सप्रेम भेट' म्हणून वाटण्यात गेल्या. या भागातल्या कुठल्याही लेखकाला विचारा, थोड्याफार फरकाने हेच सांगेल. आपण त्याच्या घरी जातो, चहा पितो, पुस्तक भेट घेतो आणि कपाटात ठेवून देतो. विकत घेत नाही. ही सवय आपली सगळ्यांची आहे आणि ती मोडलीच पाहिजे.

तर तो रविवार. शेजारच्या मंडपवाल्याकडून वीस खुर्च्या आणल्या. माईक नाही, हार-शाल नाही, बॅनरही नाही. पुस्तकांचं पार्सल प्रकाशकाकडून शुक्रवारी यायचं होतं, ते आलंच नाही. शनिवारी दिवसभर फोन, "आज निघते, उद्या पोचते." माझा जीव अर्धा झाला. लेखक समोर आणि पुस्तकच नाही, मग लोकांना बोलवायचं कशासाठी? भाऊंना कळवलं तर ते म्हणाले, "माह्याजवळ पंधरा हायेत ताई, घेऊन येतो." आणि आले. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पंधरा प्रती.

माणसं आली बावीस. त्यात दोघं गाईड घ्यायला आलेली पोरं होती, ती तिथेच थांबली.

भाऊंनी जी कथा वाचली ती एका आजीबाईची. एसटीत पंचाहत्तरच्या वरच्यांना तिकीट माफ झालं २०२२ साली, त्या खालच्यांना पासष्टपर्यंत अर्धं. ही आजी ऐंशीच्या पुढची, पण आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल कोणीतरी अंदाजे टाकलेलं. त्या सालाप्रमाणे ती एकाहत्तरची. म्हणजे अर्धं तिकीट काढणं आलं. कंडक्टर नियम सांगतो आणि आजी म्हणते, "वय कारडात रायते का बाप्पा? वय त गुडघ्यात रायते."

हे वाक्य मी घरी आधी वाचलं होतं. छापील पानावर ते बरं वाटलं होतं, एवढंच. भाऊंनी ते म्हटलं तेव्हा 'बाप्पा'वर किंचित थांबले, आणि पुढचं वाक्य असं खाली आणलं की गुडघा धरून पायरी चढणारी म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहिली. दुसऱ्या रांगेत साठीच्या एक बाई होत्या, त्यांनी नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते मी पाहिलं. अख्ख्या दुकानात पंख्याचा तेवढा आवाज.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. बोलीत लिहिलेलं साहित्य कानाने ऐकावं लागतं. आमची वऱ्हाडी कागदावर उतरते तेव्हा 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यलो' एवढंच दिसतं. तिचा हेल, कुठे शब्द लांबतो, कुठे तुटतो, हे छापता येत नाही. ज्याने ती लिहिली त्याच्या तोंडून एकदा ऐकली की मग पानावर आपोआप ऐकू यायला लागते. शाळेत मी 'मले' म्हटलं की बाई पाच वेळा 'मला' म्हणून घ्यायच्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण आमच्या पिढीच्या मनात एक बसलं ते बसलंच: पुस्तकातली भाषा वेगळी आणि आपली वेगळी. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली, तिच्यातली माणसं अस्सल वऱ्हाडी बोलतात. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते लेखक शेजारच्या बुलढाण्याचे. म्हणजे आपली भाषा मराठीतल्या मोठ्या पुस्तकांत कधीचीच जाऊन बसली आहे, आणि तरी आपण तिला घरातली, ओसरीवरची समजत राहिलो. त्या रविवारी रात्री मी 'धग' काढली आणि तिच्यातल्या नायिकेचे, कौतिकचे संवाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. आई पुस्तक वाचत नाही. तिने स्वयंपाकाचा ओटा पुसता पुसता ऐकलं आणि म्हणाली, "हे त आपल्या आत्याबाईच बोलून राह्यल्या."

मोठ्याने वाचणं मराठीला नवीन नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव फिरून कथाकथन केलं. विंदा, बापट आणि पाडगावकर कविता म्हणायला एकत्र निघायचे. आमच्याकडे विठ्ठल वाघ आणि शंकर बडे यांनी वऱ्हाडी कविता व्यासपीठावरून लोकांच्या तोंडी आणली. लोक हजारोंनी ऐकायचे. पण ते सगळं सभागृहात आणि गणपतीच्या मांडवात झालं. पुस्तक विकणारं दुकान त्यापासून लांबच राहिलं. ऐकलं एकीकडे, पुस्तक मिळणार दुसरीकडे, आणि मधल्या अंतरात घ्यायचं राहून गेलं.

आज त्या जागी काय उरलंय? प्रकाशन सोहळा. मी खूप सोहळ्यांना गेले आहे, म्हणून मनापासून सांगते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग चार पाहुण्यांची भाषणं. त्यातल्या दोघांनी पुस्तक वाचलेलं नसतं. लेखकाचा नंबर येतो तेव्हा सव्वानऊ वाजलेले असतात, तो आभार मानतो आणि बसतो. पुस्तकाबद्दल सगळे बोलतात, पुस्तकातलं पान एकही जण वाचत नाही. वर्षभर खपून लिहिणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे.

दुकानात हे होत नाही, कारण दुकानात व्यासपीठच नसतं. लेखक त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो ज्यावर आपण बसलोय. हात लांब केला की पुस्तक हातात येतं.

धारवाडला मनोहर ग्रंथमालेचं 'अट्ट' आहे. अट्ट म्हणजे माळा. जी. बी. जोशींनी १९३३ मध्ये सुरू केलेली ही प्रकाशनसंस्था. तिच्या त्या माळ्यावर कन्नड लेखक जमायचे, वाचायचे, वाद घालायचे. गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक याच ग्रंथमालेने छापलं. पुण्या-मुंबईसारखं मोठं शहर नव्हतं ते, आणि जागाही मोठी नव्हती. जिल्ह्याच्या गावात एक माळा आणि तिथे नेमाने जमणारी माणसं एवढ्यावर काय उभं राहतं, ते धारवाडने दाखवलं. आमच्याकडे तर १९१२ साली साहित्य संमेलन भरलं होतं, ह. ना. आपटे अध्यक्ष होते. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये शेजारच्या अमरावतीत स्थापन झाला. ही माती काही कोरडी नाही.

आता पैशाचं, कारण काकांचा पहिला प्रश्न तोच होता आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पुस्तकाची किंमत १८० रुपये. पंधरा प्रती तिथेच गेल्या. प्रत न मिळालेल्या आठ जणांची नावं काकांनी उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतली, पैसे आगाऊ घेतले. एकूण २३ प्रती, म्हणजे ४१४० रुपयांची विक्री. तीस टक्के कमिशन धरलं तर दुकानाला साडेबाराशेच्या आसपास, आणि खर्च काय, तर वीस खुर्च्या आणि चहा. काका मला म्हणाले, कथा-कादंबऱ्यांची एवढी विक्री महिन्याभरातही होत नाही. पार्सल पुढे नऊ दिवसांनी आलं. आठही जण येऊन आपापली प्रत घेऊन गेले, आणि दोघांनी जाताना आणखी एकेक पुस्तक घेतलं.

एक गोष्ट मी अडून बसून करून घेतली. लेखकाला मानधन. आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून पंधराशे रुपये पाकिटात घातले, येण्या-जाण्याचं भाडं वेगळं. भाऊ घेईनात. "आपल्याच लोकाईजवळून पैसे घेऊ का?" मी म्हटलं, भाऊ, डॉक्टर आपलाच असला तरी फी देतोच ना आपण. शहरातून वक्ता येतो तेव्हा त्याची गाडी, त्याचं हॉटेल, त्याचं पाकीट सगळं ठरलेलं असतं, आणि तालुक्यातला लेखक मात्र स्वतःच्या पैशाने एसटीत बसून यायचा, वर पाच प्रती फुकट द्यायचा. हे मला सहन होत नाही. आपला आहे म्हणून फुकट, हा कुठला न्याय?

मोठ्या नावांना बोलावू नका असं मी म्हणत नाही. त्यांनी जरूर यावं. पण ते आले की गर्दी होते, फोटो होतात, ते निघून जातात, आणि दुकान पुन्हा पहिल्यासारखं होतं. भाऊ परत आठवडी बाजाराला अकोल्यात येतात तेव्हा दुकानात डोकावतात. परवा एक कॉलेजची मुलगी त्यांना तिथेच भेटली आणि स्वतःची कविता दाखवत अर्धा तास उभी राहिली.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ पासून आहे, राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयं अनुदानावर चालतात. प्रकाशकांचं सगळं लक्ष तिकडच्या घाऊक खरेदीकडे असतं. त्यात काही गैर नाही, पण त्यामुळे दुकानात येऊन आपल्या पैशाने एक प्रत घेणारा वाचक कोणाच्याच खिजगणतीत राहिला नाही. त्याला दुकानात यायला कारण तर हवं! घरबसल्या मोबाईलवर सवलतीत पुस्तक मिळतं, ते मीही मागवते. पण मोबाईलवर भाऊ भेटत नाहीत.

सहीचं सांगायचं राहिलं. वाचन संपल्यावर लोक रांगेत आले. भाऊंनी खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि पहिलंच पुस्तक उघडून मला हळूच विचारलं, "ताई, कुठं करू?" तीस वर्षं रोज वे-बिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर सही केलेला हात. मी म्हटलं, इथे, नावाच्या खाली. त्यांनी आधी स्वतःचं छापलेलं नाव बोटाने पुसल्यासारखं केलं, मग सही केली, आणि सवयीने खाली तारीख आणि वेळही टाकली. ६.४०. मग प्रत्येक पुस्तकावर वेळ टाकत गेले. गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या त्या बाईंनी नातीच्या नावाने सही मागितली. नात पुण्यात वाढलीय, वऱ्हाडी तिला येत नाही. बाई म्हणाल्या, "मी फोनवर वाचून दाखवीन तिले."

तर दुकानदार मंडळींनो, माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही धुळ्याचे असा, परभणीचे असा, कुडाळचे असा, तुमच्या तालुक्यात लिहिणारी माणसं आहेत. अहिराणीत, मालवणीत, मराठवाड्याच्या बोलीत. त्यांना एक रविवार द्या. जून सोडा, पेरणीचे दिवसही सोडा. पुस्तकं पार्सलच्या भरवशावर ठेवू नका, आठ दिवस आधी दुकानात आणून ठेवा. विकली गेली तेवढ्याचे पैसे आणि उरलेल्या परत, असं लेखकाशी आधीच बोलून घ्या. भाषणं ठेवू नका. वीस मिनिटं वाचन, मग गप्पा. आणि कार्यक्रम झाल्यावर ती पुस्तकं माळ्यावर टाकू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि वाचकांनो, आपण जाऊ या, आणि पुस्तक विकत घेऊ या.

आमच्या काकांनी गल्ल्याच्या बाजूची फळी रिकामी केली आहे. तिथली दहावीची गाईडं मागे गेली. आता आपल्या भागातल्या लेखकांची अकरा पुस्तकं तिथे उभी आहेत, स्टूल लागत नाही. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तेल्हाऱ्याकडच्या एक कवयित्री येणार आहेत. शेतात जातात, रात्री लिहितात, पहिलाच संग्रह आहे. पुस्तकं कालच येऊन पडली. खुर्च्या या वेळी तीस सांगितल्यात. त्यांची गाडी चारला लागते, स्टँडवर घ्यायला मी जाणार आहे.