दहा संकेतस्थळे म्हणजे दहा पुरावे नव्हेत

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने १९३०च्या सोलापूर मार्शल लॉवरील (लष्करी अंमलावरील) प्रकल्पातले, विकिपीडियाच्या आधारे शोधलेले सगळे संदर्भ खोडून टाकले. संदेशाचे म्हणणे असे की, विकिपीडियावर कोणीही काहीही लिहितो आणि ते तपासणारे कोणी नसते. त्यापेक्षा गुगलवर दहा संकेतस्थळांवर एकच माहिती सापडली की ती बिनदिक्कत खरी मानावी.

कोणीही लिहू शकतो, हे नाइलाजाने मान्य. अमेरिकी पत्रकार जॉन सायगेनथालर यांना केनेडी हत्येशी जोडणारा खोटा मजकूर २००५ मध्ये तिथे सुमारे चार महिने टिकला होता. मात्र तपासणी नसते हे धादांत खोटे आहे. प्रत्येक बदल ‘इतिहास’ पानावर तारखेसह राहतो आणि निराधार वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा कोणालाही मारता येतो.

खरा अनर्थ शेवटच्या सल्ल्यात आहे. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ हे स्वतःच्या मनचे नाव गमतीने घुसडले. वास्तविक आर्डवार्क आफ्रिकेतला; त्याचा कोआटीशी काडीचा संबंध नाही. तरीही ते नाव ब्रिटिश वृत्तपत्रांत आणि विद्यापीठाने प्रकाशित केलेल्या पुस्तकात छापले गेले, आणि विकिपीडियावरच्या त्याच वाक्याला पुढे वृत्तपत्राचा संदर्भही जोडला गेला. ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी नियतकालिकाने ही हकीकत २०१४ मध्ये छापली. परीक्षेत एकाच वहीतून उतरवलेली दहा उत्तरे जुळली, तर त्यांना आपण दहा साक्षीदार म्हणतो काय?

सोलापूरचे चार हुतात्मे धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे वाक्य विकिपीडियावर दिसले असे समजा. त्यापुढे चौकटी कंसातला आकडा असेल तर तो दाबावा. पुस्तक निघाले, तर लेखक व पृष्ठक्रमांक टिपून आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करावी. स्पर्धापरीक्षांचे एखादे संकेतस्थळ निघाले, तर हे वाक्य लेखात कधी आले ते ‘इतिहास’मध्ये पाहावे, संकेतस्थळावरचा मजकूर त्यानंतरचा असेल, तर तो विकिपीडियावरूनच उचललेला असण्याची दाट शक्यता असते आणि असा संदर्भ जमेस धरू नये.

प्रकल्पाच्या संदर्भसूचीत अर्थातच मूळ पुस्तकाचे नाव यावे. विकिपीडिया स्वतःलाही विश्वसनीय संदर्भ मानत नाही, एवढे तरी संदेश लिहिणाऱ्याने तिथे जाऊन वाचायला हवे होते.