‘आवाजाची नस गेली, आता इलाज नाही’ असं पसरवू नका

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आवाज बसला की ज्येष्ठमध चघळा, मिठाच्या गुळण्या करा, चाळीस दिवस मौन पाळा. ऑपरेशनात आवाजाची नस गेली असेल तर इलाज नाही, आणि डॉक्टर गळ्यात देतात ते इंजेक्शन आवाज कायमचा घालवतं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. हा मेसेज वाचून थांबलेले पेशंट माझ्याकडे उशिरा येतात, म्हणून हे लिहिते.

ज्येष्ठमधाने सर्दी-खोकल्याचा घसा निवतो, यात वाद नाही. पण आवाज ज्यांच्या कंपनातून निघतो ते स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. गुळणीचं पाणी तिथवर पोचतच नाही. शिवाय ‘नस गेली’ म्हणतात तेव्हा तंतू सुजलेला नसतो, त्याला हलवणारी नस बंद पडलेली असते. डावीकडची नस तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते. त्यामुळे थायरॉईडच्या ऑपरेशनप्रमाणेच फुप्फुसातली गाठही तिला बंद पाडू शकते. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्याच. तंबाखू-विडी असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा आवाज ऑपरेशननंतर बसला असेल, तर तेवढंही थांबू नका. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीतून सुरुवात करता येते.

मौनाने अडकलेला तंतू हलत नाही. कुजबुजत बोलल्याने तर घशावर ताणच येतो.

‘इलाज नाही’ या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. पंचवटीत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या तेव्हा त्यांचा एका श्वासात लांबवलेला ‘आऽ’ चार सेकंदांत संपत होता. निरोगी माणसाचा सहज पंधरा सेकंद टिकतो. चहाच्या घोटाला ठसका, गिऱ्हाइकाला भाव सांगताना धाप. एक तंतू मधेपर्यंत येत नसल्याने हवा वाया जात होती. नस नुसती दुखावलेली असेल तर सहा महिने ते वर्षभरात ती पुष्कळदा सावरते. तोवर व्यायाम असतात, आणि हायल्युरॉनिक आम्लासारखं काही महिन्यांत विरघळणारं इंजेक्शन लुळ्या तंतूला फुगवून मधे आणतं. मावशींना तेच दिलं. पुढच्या भेटीत त्यांनी कोथिंबिरीचा भाव मला दारातूनच ऐकवला.

नस सावरलीच नाही तर थायरोप्लास्टी हे ऑपरेशन आहे. जपानी सर्जन नोबुहिको इश्शिकींनी ते १९७४ मध्ये मांडलं. स्वरयंत्राच्या कूर्चेत छोटी खिडकी करून तंतूला मधे ढकलणारा सिलिकॉनचा तुकडा बसवतात, तोही बहुधा पेशंट जागा असताना. त्याला आकडे मोजायला लावतात आणि आवाज ऐकत तुकडा मागेपुढे करतात. काही जणांत मानेतली दुसरी नस जोडूनही देतात.

इंजेक्शनची भीती कुठून आली असेल, ते कळतं. पूर्वी टेफ्लॉन टोचत आणि काहींना वर्षांनी तिथे गाठी होत. म्हणूनच ते मागे पडलं. आता वापरतात ती द्रव्यं वेगळी आहेत.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही. दोन्ही तंतू मधे अडकले तर आवाज बरा वाटतो, पण श्वास घेताना घर्रघर्र आवाज येतो, जिना चढताना जीव घाबरतो. अशा वेळी ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता थेट अपघात विभाग गाठायचा.